तेरा हात सरकी

नत्थुजी गिऱ्हेनं उभ्या जन्मात बिडी ओढली नाही. तंबाखू खायचा, पण धुराचं त्याला इतकं वावडं की चुलीत लाकूड ओलं निघालं तर ताट उचलून अंगणात जाऊन बसायचा. आणि हाच माणूस बिडी टाकून सरकीची रास पेटवली म्हणून अकोल्याच्या तुरुंगात गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर खरा चोर माणूसच नव्हता, आणि ते नत्थुजीच्या मुलानं सिद्ध करेपर्यंत बारा वर्षं गेली. ही त्या मुलाची, सहदेवची हकीकत.

नत्थुजी अकोल्याबाहेर खुशालरावाच्या जिनात, म्हणजे कापसातून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, चौकीदार होता. खुशालराव म्हणजे काळ्या जमिनीचा मोठा धनी, शेतकऱ्याचा जिनवाला झालेला. या माणसाला अहो-जाहो करायची काही गरज नाही. त्यानं यंत्रं बाहेरून आणली आणि चालीरीती आपल्या खळ्यावरून. खळ्यावर ज्वारीची रास लागली की तिची पूजा करतात, नारळ फोडतात, जोडा घालून जवळ जात नाहीत आणि माप होईपर्यंत तिला हात लावत नाहीत. खुशालरावानं हेच सरकीला लावलं. कापसातून रुई काढली की जे बी उरतं ती सरकी. दिवाळीपासून ती एका टिनाच्या छपराखाली रचत न्यायची, तिची पूजा करायची आणि महाशिवरात्रीपर्यंत तिला फावडं लावायचं नाही, असा त्याचा नेम.

ज्वारीला हे चालतं, कारण ज्वारी कोरडी असते. सरकी कोरडी नसते. वजन भरावं म्हणून गाडीतल्या कापसावर पाणी मारायची खोड वऱ्हाडात कुणाला नव्हती? कापूस ओला, म्हणून सरकीही दमट. अशी रास पौषात आतून ऊन व्हायची. जिनातल्या बाया थंडीत तिला पाठ टेकून बसायच्या. सकाळी भाकरीचं फडकं त्या राशीत खुपसायच्या आणि दुपारी ऊन भाकर काढून खायच्या. खुशालराव मिशीवर हात फिरवत म्हणायचा की ही लक्ष्मीची ऊब आहे. सगळे खूश होते.

एकोणीसशे सत्तावीस सालच्या जानेवारीत भर दुपारी ती रास पेटली. छप्पर गेलं, शेजारची रुई गेली, माणूस मात्र एकही गेलं नाही. आता खुशालरावापुढे मोठी पंचाईत उभी राहिली. पूजलेली रास आपोआप जळाली असं लोकांना कळलं असतं तर त्यांनी कानाला खडा लावला असता. याच्यावर लक्ष्मी कोपली, याच्या जिनात गाडी नेऊ नका, असं गावोगाव झालं असतं. म्हणून कुणीतरी माणूस हवा होता. राखेत बिडीचं थोटूक सापडलं. कसं सापडलं ते विचारू नका, सगळी रास जळून खाक होते आणि थोटूक तेवढं शाबूत राहतं! खुशालरावानं शपथेवर सांगितलं की नत्थ्याच्या हातात आपण बिडी पाहिली. नत्थुजी कोर्टात एवढंच म्हणाला की मी आग लावली नाही. त्यापुढे एक शब्द बोलला नाही. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

सुटून तो हिवरखेडला आपल्या घरी आला तेव्हा त्याचं नाव आधीच गावात पोचलेलं होतं. आगलाव्या. कुणी खळ्यावर येऊ देईना. तो कडब्याच्या गंजीजवळून निघाला की कुणीतरी घरातून उठायचं आणि गंजी मागे पडेपर्यंत त्याच्या पाठीमागून चालत राहायचं. बोलायचं काही नाही, नुसतं चालायचं. नत्थुजीला ते मारापेक्षा जड गेलं. तो घरातून निघेनासा झाला आणि वर्षाच्या आत खंगून मेला. तिरडी उचलायला चौघं जमेनात. खांदा द्यायला चौथी त्याची बायको गोदाबाई उभी राहिली, आणि गाव दारात उभं राहून ते बघत होतं.

सहदेव तेव्हा सोळा वर्षांचा. बापाच्या राखेपुढे त्यानं एकच गोष्ट मनाशी धरली. नत्थुजीनं आग लावली नव्हती, हे खुशालरावाच्या तोंडून, याच हिवरखेडच्या बाजारात, सगळ्यांच्या देखत वदवून घ्यायचं. पैसा नको, माफी नको, फक्त ते वाक्य हवं. ते मिळवताना खुशालरावाची राखरांगोळी झाली तर आणखी बरं, हेही त्यानं मनाशी धरलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

मायलेकांनी गाव सोडलं आणि अमरावतीला आले. गोदाबाई माळ्याची लेक. बडनेऱ्याच्या रस्त्याला तिनं थोडी ओलिताची जमीन मक्त्यानं घेतली. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि टोपलं डोक्यावर घेऊन विकायची. त्या टोपल्यावर सहदेव मॅट्रिक झाला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. काम काय, तर काचेची भांडी धुणं, तराजू पुसणं, थर्मामीटर मोजून कपाटात ठेवणं. गणिताचे प्राध्यापक केशवराव भला माणूस. हा पोरगा दाराआड उभा राहून फळ्यावरचं उतरवून घेतो हे त्यांनी पाहिलं आणि त्याला शेवटच्या बाकावर बसायची परवानगी दिली.

रास आपोआप पेटली असली पाहिजे, हा संशय सहदेवला आईमुळे आला. वावरात खताचा ढीग उकरताना वाफ निघायची. ओला कडबा गंजीत घालू नये हे कुठलाही शेतकरी सांगेल. पण संशयाला कोर्टात कोण विचारतं? सगळे ढीग तापतात, मग सगळे पेटत का नाहीत? किती उंच रास पेटते, किती दिवसांनी पेटते, हे आकड्यात सांगता आलं तरच खुशालरावाचं तोंड बंद होणार होतं. मग त्यानं गुरांच्या नावानं सरकी आणली, तिला पाणी मारलं, आणि वावराच्या कडेला दोन हात, तीन हात, चार हात असे ढीग रचले. पोकळ बांबूच्या टोकाशी थर्मामीटर बसवून तो रोज ढिगांच्या पोटात खुपसायचा.

पहिलं गणित त्यानं असं मांडलं. उष्णता तयार होते राशीच्या सगळ्या पोटात, पण बाहेर पडते ती फक्त अंगावरून. रास सगळीकडून दुप्पट केली तर पोट आठपट होतं आणि अंग चौपटच. म्हणून मोठी रास जास्त तापते. गणित सुरेख होतं, वहीत छान दिसत होतं, आणि साफ चुकलेलं होतं. कारण त्याप्रमाणे कितीही मोठी रास घेतली तरी ती कुठल्यातरी तापमानाला जाऊन थांबत होती. त्या गणितानं जगातली कुठलीच रास पेटली नसती आणि नत्थुजी गुन्हेगारच ठरला असता. सहदेवनं ती वही चुलीत घातली.

गोदाबाईनं काय जाळलं म्हणून विचारलं. त्यानं चिडून सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती, बांधता बांधताच बोलली.

"तुले आंब्याची आढी माहीत नाई का रे? लहान आढीत आंबा पिकते. मोठी लावली का आधी मधातला आंबा तापते. आन तापला का लवकर पिकते, लवकर पिकला का आखीन तापते. मंग आंबे शिजतेत. तापलेल्याले आखीन तापाची घाई असते, बाप्पा."

सहदेव उठला आणि कॉलेजात गेला. एवढंच राहिलं होतं! राशीत उष्णता सारख्या वेगानं तयार होत नाही. जितकी तापेल तितका वेग वाढतो, दर दहा अंशाला जवळजवळ दुप्पट. त्यानं आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. अंगावरून उष्णता बाहेर जाते तिची रेघ सरळ, काठीसारखी. आत तयार होते तिची रेघ आधी सपाट आणि मग वर वळत जाणारी. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात तिथे रास जाऊन थांबते, ऊन होते पण पेटत नाही. रास उंच करत नेली की पोटाच्या मानानं अंग कमी पडतं आणि सरळ रेघ आडवी होत जाते. एका उंचीला दोन्ही रेघा नुसत्या एकमेकींना शिवतात. त्याच्या वर गेलं की शिवतसुद्धा नाहीत. तिथे थांबायला जागाच नाही. मग ती रास आज ना उद्या पेटणारच, तिथे बिडी लागत नाही की माणूस लागत नाही.

आणखी दोन वर्षं चुका निस्तरण्यात गेली. ओलावा वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातो हे त्यानं धरलंच नव्हतं, म्हणून प्रत्येक ढीग गणितापेक्षा उशिरा तापायचा. तेही बसवलं. शेवटी आकडा आला. खुशालरावाच्या जिनात जेवढी दमट सरकी असते तेवढ्या ओलाव्याला साडेनऊ हात. आणि खुशालरावाची रास असायची तेरा हात!

केशवरावांना त्यानं वही दाखवली तेव्हा त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासली. मग त्यांनी एक परदेशी मासिक काढलं. रशियात कुणा शास्त्रज्ञांनी स्फोट आणि ज्वलन यांच्यासाठी अशाच दोन रेघा काढल्या होत्या, उंचीचा हिशेबही आता कुणी करत होतं. केशवरावांना वाटलं, पोरगा हरखून जाईल. सहदेव कसला हरखतोय! तो म्हणाला की त्यांचं चांगलं आहे, पण या मासिकात नत्थुजी गिऱ्हे हे नाव कुठेच नाही.

आता हवी होती ती खुद्द खुशालरावाची रास, मधल्या मंदीत आठ हातांवर न गेलेली आणि यंदा पुन्हा तेरा हात होणारी. तिथे सहदेवला कोण जाऊ देणार? पण मैनाबाई होती. ती पहिल्या आगीच्या वेळीही त्याच जिनात रुई वेचायला होती आणि नत्थुजी बिडी ओढत नाही हे माहीत असून पोटासाठी गप्प बसली होती. बारा वर्षं ते तिला खात होतं. सहदेवनं तिला बांबू दिला. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण जिनात सुताला काय तोटा? ती सकाळी भाकर ठेवायच्या निमित्तानं बांबू राशीत खुपसायची, दुपारी भाकरीबरोबर काढायची, आणि पारा जिथवर चढला असेल तेवढ्या लांबीचा धागा तोडून पदराला बांधायची. दिवसाला एक धागा. दर रविवारी सहदेव आगगाडीनं अकोल्याला जायचा आणि सात धागे घेऊन यायचा.

ते धागे तो कागदावर एकाशेजारी एक उभे चिकटवायचा. अडतीस सालची दिवाळी झाली, रास रचली गेली, पूजा झाली. सुरुवातीचे धागे जवळजवळ सारखेच होते. मग रोजचा धागा आदल्या दिवसापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा लांब येऊ लागला, पुढे गव्हाएवढा. धाग्यांची टोकं जोडली की गणितातली तीच वर वळणारी रेघ दिसत होती. जानेवारीचा दुसरा आठवडा उलटला तेव्हा त्यानं दिवस काढला. पंचवीस ते अठ्ठावीस जानेवारी.

केशवराव म्हणाले, "खुशालरावांचा पुतण्या माझा विद्यार्थी आहे. मी गुपचूप दोन ओळी लिहून देतो. एकट्यात सांगितलं तर माणूस ऐकतो. रास मोडली की जीव टांगणीला नाही." सहदेवनं हात जोडून नको म्हटलं. रास मोडली की पुरावाही मोडला. इतकी वर्षं ज्या आगीसाठी तो जगला होता ती आग तो दोन ओळींच्या चिठ्ठीनं विझवणार नव्हता.

गोदाबाईनं त्याला वेगळंच विचारलं. "तुह्या बापाच्या जाग्यावर आता दुसरा बसला हाय. तो जयला तं?" तिलाही सूड हवा होता, पण चौकीदाराची बायको काय भोगते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सहदेव म्हणाला की मी सांगून येतो, सगळ्यांना दूर राहायला सांगतो. आणि तो खरंच सांगायला गेला. पण कसा गेला ते ऐका.

अकोल्याच्या आठवडी बाजाराचा दिवस त्यानं मुद्दाम निवडला. जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, पन्नासेक शेतकरी उभे होते. सहदेव मधोमध उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला की मी नत्थुजी गिऱ्हेचा मुलगा. ही रास पंचवीस तारखेपासून चार दिवसांत आपोआप पेटणार आहे. आजच मोडा, नाहीतर माणसं तरी दूर ठेवा. आणि मोडण्याआधी या लोकांसमोर कबूल करा की माझ्या बापानं आग लावली नव्हती.

पन्नास शेतकऱ्यांसमोर, आगलाव्याच्या पोरानं सांगितलं म्हणून, पूजलेली रास शिवरात्रीआधी मोडायची? खुशालराव लालबुंद झाला. तो म्हणाला की रास मोडणार नाही, आणि बापाची खोड पोरात उतरलेली दिसते. मग त्यानं आपला चौकीदार उत्तमराव याला बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत हुकूम दिला की आजपासून राशीला टेकून बसायचं, तिथून हलायचं नाही, हा हरामखोर पेटवायला येईल. सहदेव परत निघाला तेव्हा हसत होता. हे असंच होणार हे त्यालाही माहीत होतं. खुशालरावाला गुडघ्यावर आणायचं तर आधी त्याला ताठ उभं करायला हवं होतं.

चोवीस तारखेला सहदेव अकोल्याच्या तहसील कचेरीत गेला. नायब तहसीलदार रामराव यांच्या हातात त्यानं लाखेचं शिक्कामोर्तब केलेलं पाकीट दिलं आणि विनंती केली की मला चार दिवस इथेच बसवून ठेवा. दिवसा कचेरीच्या ओसरीवर, रात्री शेजारच्या पोलीस ठाण्यात. रामरावांनी नोकरीत माणसं सुटायला धडपडताना पाहिली होती, कोंडून घ्या म्हणणारा हा पहिलाच. त्यांनी आधी त्याला वेडा ठरवलं, मग पाकीट कपाटात ठेवलं आणि शिपायाला सांगितलं की बसू दे बिचाऱ्याला.

पंचवीस तारीख कोरडी गेली. सव्वीसही गेली. शिपाई चेष्टा करू लागले, ज्योतिषीबुवा, आमच्या सासूचा दिवस काढता का म्हणून. सहदेव त्यांना उत्तर देत नव्हता. तो मनात पुन्हा पुन्हा तीच बेरीज करत होता, आणि बेरीज संपली की देवीला नवस बोलल्यासारखा राशीला म्हणत होता, पेट माझे आई, पेट. राशीला टेकून कुणी माणूस बसलेला आहे हे त्याला त्या क्षणी आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं आणि त्याचं तोंड तरीही थांबत नव्हतं.

सत्तावीस तारखेला दुपारी बाराच्या सुमाराला जिनाच्या बाजूनं काळा धूर चढला. शिपाई उठून उभे राहिले. सहदेव बसल्याजागी रडायला लागला, आनंदानं.

दोन तासांनी खुशालरावाची दमणी कचेरीत आली. बैल घामाघूम झाले होते. त्यामागून एक बाई पायी पळत आली होती, चौकीदार उत्तमरावची बायको सत्यभामा. खुशालराव पायऱ्या चढता चढताच ओरडत होता की नत्थ्याच्या पोरानं जिन जाळलं, धरा त्याला. वर पोचला तर नत्थ्याचा पोरगा समोरच उभा. रामराव शांतपणे म्हणाले की हा माणूस तीन दिवस आमच्या नजरेखाली आहे. खुशालरावानं इकडेतिकडे पाहिलं आणि लगेच म्हणाला, मग उत्तमरावनं बिडी टाकली असेल.

ते ऐकून सत्यभामा खालीच बसली. तिचा नवरा तेव्हा दवाखान्यात होता. राशीतून जळका वास आला तेव्हा त्याला पळता आलं असतं. पण जागा सोडली तर आपणच पेटवली असं म्हणतील, या भीतीनं तो फावड्यानं, मग हातानंच रास उकरायला लागला. आतल्या निखाऱ्याला वारा लागला आणि जाळ त्याच्या अंगावर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. डॉक्टर म्हणत होते की बोटं आता कधी मिटणार नाहीत.

रामरावांनी सगळ्यांसमोर शिक्का फोडला. आत एक अर्ज होता आणि धागे चिकटवलेला कागद. अर्ज त्यांनी मोठ्यानं वाचला. राशीची उंची तेरा हात, मर्यादा साडेनऊ. पेटण्याचा काळ पंचवीस ते अठ्ठावीस. कोणत्याही माणसाचा हात न लागता. शेवटी एक ओळ होती, तीही त्यांनी वाचली. मी मालकांना चारचौघांत बजावलं आहे, पण ते रास मोडणार नाहीत याची मला खात्री आहे.

रामरावांनी कागद खाली ठेवला आणि खुशालरावाला विचारलं की बारा वर्षांमागची आपली शपथेवरची साक्ष आता काय म्हणायची? खोट्या साक्षीला शिक्षा किती, हेही त्यांनी सांगितलं. खुशालराव पायरीवर बसला.

"नत्थ्यानं मले आदल्या दिशीच सांगतलं होतं," तो म्हणाला. "घरी आला, एकट्यात गाठलं. म्हने, मालक, रास लय तापून राहिली, आज एका बाईची भाकर काळी निघाली, मोडून टाका. मी म्हटलं, लक्ष्मीची ऊब हाय, चूप बस. चारचौघांत नाई बोलला तो. कोर्टातबी नाई बोलला. माह्यं मीठ खाल्लं होतं त्यानं."

सहदेवच्या कानात दडे बसले. बापाला माहीत होतं! रेघा नाहीत, धागे नाहीत, एका काळ्या भाकरीवरून माहीत होतं. आणि धन्याची लाज राखायला तो एकट्यात गेला आणि जन्मभर गप्प राहिला. सहदेवचा राग निवायच्या ऐवजी दुणावला. रामराव म्हणाले की तू म्हणशील तर आत्ता खटला गुदरतो. सहदेव म्हणाला, तुरुंग नको. तुरुंगात कोण बघतं? हिवरखेडला चला.

पुढच्या आठवड्यात हिवरखेडचा बाजार भरला. कापडवाले, गूळवाले, वांग्यांच्या टोपल्या, आणि मधोमध एका उलट्या खोक्यावर खुशालराव, डोक्यावर पागोटं नाही. गोदाबाईला सहदेवनं अगदी पुढे उभं केलं होतं. खुशालराव पुटपुटला की नत्थुजी गिऱ्हेनं आग लावली नव्हती. सहदेव म्हणाला, ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. सहदेवनं त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावलं, मागच्या गूळवाल्यापर्यंत जाईल अशा आवाजात, आणि खोटी साक्ष मी दिली, त्यानं मला आधी सांगितलं होतं, हेही. खुशालरावाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. नत्थुजीच्या मागून चालणारी म्हातारी माणसं त्या गर्दीत होती, ती खाली बघत होती. सहदेवनं एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. इतका गोड दिवस त्याच्या आयुष्यात आला नव्हता.

गर्दी पांगायला लागली तेव्हा सत्यभामा पुढे आली. अकोल्याहून ती कुणाच्या गाडीतून आली होती कोण जाणे. खुशालरावाकडे तिनं पाहिलंही नाही. ती सहदेवसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, रास पेटाचा दिवस तुमाले ठाव होता?"

"व्हय," सहदेव म्हणाला.

"एकट्यात सांगतलं असतं तं मालकानं कदाचित आयकलं असतं. चारचौघांत सांगतलं तं आयकनार नाई, हेबी ठाव होतं? माह्या घरवाल्याले राशीपाशी बसवलं तवा तुमी तिथंच होते ना?"

लोक थांबले. केशवरावांच्या दोन ओळींची गोष्ट तिथे कुणाला ठाऊक नव्हती. नाही म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. गोदाबाई मुलाच्या तोंडाकडे बघत होती. खोट्या शब्दापायी तिचा नवरा गेला होता, आणि त्याच बाजारात, त्याच खोक्यापाशी, खरं बोलायची पाळी आता तिच्या मुलावर आली होती.

"व्हय, ठाव होतं," सहदेव म्हणाला.

खुशालराव अजून खोक्यावरच उभा होता, पण त्याच्याकडे आता कुणी पाहत नव्हतं.